बिनऔषधाची रांग

त्या वर्षी शेलार गावात कोणी अनोळखी माणूस हातात टेप घेऊन वाडीत शिरला, की गोदामवाल्याचा दलाल आला असंच समजायचं. म्हणून पूर्वीनं काही विचारपूस न करता नारळाची सुकी झावळी उचलली आणि ती थेट त्या पाठमोऱ्या तरुणावर रोखली.

"कोणाला इचारून जमीन मोजतोस रं?"

तो वळला. टेप जमिनीवर नव्हती, कोकोच्या खोडाभोवती गुंडाळलेली होती.

"जमीन नाही, झाड मोजतोय. तुमच्या बाबांना विचारलंय. मी मिथुन, संशोधन केंद्रातून आलोय... ती झावळी जरा खाली घेता का? डोळ्यात जाईल."

झावळी खाली आली. पूर्वीचे कान मात्र लाल झाले.

नारळांच्या सावलीत कोकोची चाळीस झाडं होती. पूर्वीच्या आईनं, जानकीबाईनं, वारायच्या आदल्या वर्षी स्वतःच्या हातांनी लावलेली. कोकोची फळं फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडाला लागतात. पण दोन पावसाळे ती हाताएवढी झाली की काळी पडून सडत होती. केसरीनाथांनी, तिच्या बाबांनी, निक्षून सांगितलं होतं, यंदाही सडली तर दसऱ्याला वाडी गोदामवाल्याला द्यायची. दापोड्यापासून इथपर्यंत गोदामांची पत्र्याची छपरं आलीच होती, त्यात आणखी एक.

मिथुननं पिशवीतून हिरवट पूड काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"ही चांगली बुरशी. रोगाच्या बुरशीला खाते."

"बुरशीवर बुरशी?"

"काट्यानं काटा काढायचा. पण वीसच झाडांना द्यायची. दुसऱ्या रांगेतली वीस तशीच ठेवायची, बिनऔषधाची. फरक दिसला तर काम पुढे चालेल. नाही दिसला तर माझी नोकरीही संपली... आणि इथलं येणंही."

शेवटचे तीन शब्द त्यानं उगाच जोडले, असं पूर्वीला वाटलं. रात्री मात्र तेच आठवत राहिले.

दर गुरुवारी तो येऊ लागला. गोठ्याच्या सावलीत जुन्या शेणखतात पूड कालवून वर ओलं गोणपाट टाकलेलं असे. विरजण लावावं तशी ती बुरशी आतल्या आत वाढत जाई. गोणपाट उचलताना दोघांची बोटं एकमेकांना लागत आणि दोघंही खतच बघत राहत.

"रोज पाणी शिंपडता ना?"

"रोज. तुमची बुरशी आमच्या गाईपेक्षा जास्त लाड करून घेते."

"तिची काळजी घेता. माझी?"

"तुम्हाला काय झालंय?"

"तेच तर कळत नाही..."

ती हसायची. पण एक गोष्ट तिला टोचत असे. दुपारी मिथुन वाडीतल्या ओंडक्यावर बसे आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिई. तो वडपे गावच्या सोमाचा मुलगा, कोणत्या आळीतला, हे केसरीनाथांना ठाऊक होतं. त्याला ओटीवर येऊ नको असं कोणी म्हटलं नव्हतं. ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. पूर्वीचा त्याच्यावर जीव जडला होता, आणि तरीही तिचं तोंड उघडत नव्हतं. याची तिला स्वतःचीच चीड येई.

श्रावणात बिनऔषधाच्या रांगेत एका फळावर काळा डाग उमटला. आठवड्यात तीन फळं काळी पडली. पूर्वी त्या झाडांपाशी उभी राहिली... हीसुद्धा आईनंच लावलेली ना? तिनं गोणपाटाखालचं खत दोन मुठी उचललं, गोठ्यामागे नव्या शेणखतात कालवलं, आणि पंधरा दिवसांनी त्या वीस झाडांनाही देऊन टाकलं. कोणाला काही बोलली नाही.

दसऱ्याच्या आदल्या गुरुवारी मिथुननं फळं मोजली. परत मोजली. श्रावणातली ती तीन सोडली तर दोन्ही रांगांत फळं सारखीच धडधाकट होती.

केसरीनाथ खूश झाले. "न्हाय इकत वाडी!" म्हणत ओटीवर जाऊन बसले.

मिथुनचा चेहरा मात्र उतरला. "फरकच नाही, पूर्वी. म्हणजे यंदा रोगच कमी आला. बुरशीनं काही केलं नाही, असंच लिहावं लागेल." त्यानं वही पिशवीत घातली. "येतो... म्हणजे, जातो."

गप्प राहिली असती तरी वाडी वाचलीच होती. बोलली तर तो तिचं तोंड बघणार नाही, अशी भीती होती. तो फाटकापाशी पोचला तेव्हा ती धावली.

"मिथुन! मी दिलंय. दुसऱ्या रांगेला पण."

तो गर्रकन वळला. "काय केलंस हे? सगळा हंगाम फुकट घालवलास माझा!"

"एका रांगेला द्यायचं न् दुसरीला न्हाय, मला न्हाय बघवलं." आता थांबणं शक्य नव्हतं. "तू ओंडक्यावर बसून तुझ्या बाटलीतलं पाणी पितोस, ते पण न्हाय बघवत. त्याला मी काय करू शकले न्हाय. हे तरी केलं."

मिथुनचा राग कुठल्या कुठे गेला. त्यानं पिशवी खाली ठेवली.

ओटीवर केसरीनाथांनी सगळं ऐकलं होतं. त्यांची नजर जानकीबाईच्या झाडांकडे गेली. मग खाकरले.

"पूर्वे, पाणी आण पोराला. हितं. वर."

मिथुन चपला काढून ओटीच्या पायऱ्या चढला. तांब्या हातात घेऊन त्यानं केसरीनाथांकडे पाहिलं.

"पी. थंड हाय," ते म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

तो प्यायला. मग हळूच पूर्वीला म्हणाला, "खरं आहे तेच लिहीन. केंद्रातले साहेब म्हणतील, पुढच्या पावसाळ्यात परत कर. तेव्हा दुसऱ्या रांगेला हात लावायचा नाही."

"मग राखण करायला रोज यावं लागेल."

"आणि साहेबांनी काढूनच टाकलं तर?"

पूर्वीनं बाबांकडे पाहिलं नाही. मिथुनकडेच पाहिलं.

"तरी ये," ती म्हणाली, आणि रिकामा तांब्या त्याच्या हातून घेऊन पुन्हा भरायला आत गेली.