तिसऱ्या सिलिंडरची भिंत

इंजिनचा ब्लॉक कितीही घाईचा असो, बोअर मशीनवर चढवण्याआधी मिस्त्री प्रत्येक सिलिंडरची भिंत नखानं चाचपायचा, मग मापाला गेज घालायचा. "गेज फसवेल, नख फसवणार नाही," असं त्याचं म्हणणं. त्यावर बायको म्हणायची, "म्हणूनच नखं जन्मभर काळी ती काळीच."

त्या दुपारी टेबलावर ट्रकचा ब्लॉक होता. मालक स्वतःच ट्रक चालवायचा. दोनेक महिन्यांपूर्वी केबिनमध्ये झोपला, तो उठलाच नाही. आता त्याच्या बायकोला ट्रक पुन्हा रस्त्यावर आणायचा होता. पिस्टन, क्रँक सगळं काढून ब्लॉक धुऊन कोरडा केला होता. उरली होती फक्त चार आरपार भोकं.

पहिला सिलिंडर झिजलेला निघाला, दुसराही. तिसरा नखाला गुळगुळीत लागला, पण ओला. मिस्त्रीनं आत बॅटरी मारली. भिंतीवर वाफ धरली होती. फडक्यानं पुसली, पुन्हा धरली. विरली. पुन्हा धरली... थंडीत काचेला तोंड लावून कुणी श्वास सोडावा, तशी.

त्यानं भोकावर तळहात ठेवला. हात आत ओढला गेला. खालून तर सगळं उघडं होतं, ओढणार कोण? मिस्त्री हात झटकून स्टुलावर बसला, तो बसूनच राहिला.

ऊन उतरताना ट्रकमालकाची बायको आली.

"भाऊ, काम कुठवर आलं?"

"वहिनी, तिसऱ्यात... जरा बघता का?"

ती वाकली. बघत राहिली. दचकली नाही, की काही विचारलं नाही. पिशवी खाली ठेवून तिनं भोकावर तळहात ठेवला, त्यावर दुसरा, आणि अंगाचा सगळा भार टाकला. ब्लॉक बारीक थरथरला. टेबलावरचे पाने किणकिणले... मग थांबले. तरीही तिनं हात लगेच उचलले नाहीत.

"झालं," ती म्हणाली. "आता करा बोअर."

सकाळी भिंत कोरडी होती. पण नख फिरवलं आणि ते अडकलं. चार उभे ओरखडे, शेजारी शेजारी, खालून थेट काठापर्यंत आलेले. आदल्या दिवशी ते नव्हते. मिस्त्रीनं बोअर मारून भिंत तासली, ओरखडे तसेच. बोअर पुढच्या मोठ्या मापाला नेला, तरी तसेच. शेवटी आत नवी स्लीव्ह, लोखंडी नळीच, दाबून बसवली, तेव्हा कुठे ते झाकले गेले. यातलं अवाक्षर तो कुणाजवळ बोलला नाही, बायकोजवळही नाही.

बाई ब्लॉक न्यायला आली.

"निर्धास्त चालवा, वहिनी. चारही एकमापी केलेत."

हमालांनी ब्लॉक टेम्पोत चढवला. ती निघाली, दारापाशी थबकली, आणि बाही मनगटाखाली ओढून घेत हलकेच म्हणाली,

"ते ओरखडे कसे घालवलेत, भाऊ? माझ्या हातावरचे अजून जात नाहीत."