काटेरी नाकाचा मासा

"थांबा! फेकू नका ते!"

मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला, आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला तो माणूस घसरून पडता पडता वाचला. त्याच्या हातात पाण्याच्या मोटारीच्या पाइपाचं तोंड होतं – जाळीचं, शेवाळलेलं – आणि त्या जाळीत अडकलेले बोटाएवढे मासे तो एकेक करून डोहात सोडत होता. माझे मासे! सकाळपासून मी त्याच डोहात जाळं टाकून बसले होते आणि माझ्या बादलीत होते फक्त दोन खेकडे.

"फेकून नाई राह्यलो, सोडून राह्यलो," तो शांतपणे म्हणाला. "फेकले तं दगडावर आपटतात बिचारे. तुमी कोन?"

"मी महामाया. चिखलीच्या कॉलेजात शिकवते. डोंगरातल्या ओढ्यांमधल्या माशांवर पीएचडी करतेय."

"म्हंजे मासे धरले की पास?"

"धरून नाही, ओळखून. कोणता मासा कोणत्या प्रजातीचा, ते ठरवायचं. त्यासाठी खवले मोजायचे, परांचे काटे मोजायचे..."

"खवले मोजता?" त्याच्या भुवया वर गेल्या. "एका माशाले किती वेळ लागते?"

"भिंगाखाली अर्धा तास."

"बरं झालं तुमी बाजारात मासे इकत नाई. गिऱ्हाईक उपाशी मेलं असतं."

मला राग यायला हवा होता. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या धाड गावाला माहीत आहे. पण आलं ते हसू, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्याचं नाव प्रेमानंद. धाडच्या बाजारगल्लीत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. मीही धाडचीच, निवृत्त एसटी कंडक्टर शंकररावांची एकुलती एक लेक. पण बारावीनंतर शिकायला बाहेर गेले ती यंदाच घरी परतले, त्यामुळे गावातली ही वल्ली मला ठाऊक नव्हती. त्या ऑगस्टमध्ये पावसानं पंधरा दिवस ओढ दिली होती, सोयाबीननं माना टाकल्या होत्या आणि ओढ्याकाठच्या प्रत्येकानं पाण्यात मोटर सोडली होती. मोटर चालली की पाइपाची जाळी तुंबणार, आणि जाळी तुंबली की प्रेमानंदला फोन जाणार.

त्यानं ओंजळ माझ्या बादलीत रिकामी केली. पोटाखालच्या चकतीनं दगडाला चिकटून राहणारे, कितीही धार असली तरी न हलणारे मासे होते ते. "आमी दगडचाट्या म्हनतो याले," तो म्हणाला. त्याचा हात अजून बादलीत होता, माझाही. बोटाला बोट लागलं... आणि दोघांनीही, जणू मासाच निसटला अशा घाईनं, उगीच पाणी ढवळलं.

मग त्याचे फोन येऊ लागले. "मॅडम, वरच्या डोहावर जाळी काढाची आहे. येता काय?"

मी जायचेच. त्याच्या फटफटीवर मागे बसायचे, आमच्या दोघांच्या मध्ये माशांची बादली. खड्डा आला की अर्धं पाणी त्याच्या पाठीवर आणि अर्धं माझ्या मांडीवर. मधल्या काळात पाऊस परत आला होता, ओढे वाहते झाले होते, आणि माझ्या सगळ्या ओढण्यांना शेवाळाचा वास लागला होता. आई म्हणायची, "काऊन वो, मासे धराले जातं का मासे व्हाले?"

एकदा मी दगडावर बसून नोंदी करत होते. प्रेमानंदनं विचारलं, "किती मासे झाले तुमच्या यादीत?"

"अठ्ठावीस प्रजाती."

"अन् मानसं किती ओळखता?"

"ओढ्यावरचा एकच."

"मंग, कसा आहे तो?"

मी भिंग डोळ्याला लावलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "सांगता येणार नाही. खवले मोजायचे आहेत अजून."

तो हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. भिंगातून ते छान दिसतात.

सप्टेंबरच्या मध्यावर मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्या मांडून बसले. बारा दगडचाटे ठेवून घेतले होते. औषधात त्यांचे रंग उडाले होते, पण एक गोष्ट भिंगाखाली स्पष्ट दिसली – पाच माशांची नाकं गुळगुळीत होती, पुस्तकात दिली आहेत तशी. उरलेल्या सातांच्या नाकावर घामोळ्यासारखे पांढरे, टोचरे काटे होते. असा मासा एकाही पुस्तकात नव्हता. मी तीन रात्री पुस्तकं चाळली. कुठेच नव्हता!

नवी प्रजात. मी शोधलेली. तिच्या शास्त्रीय नावात माझ्या गावाचं नाव येणार होतं.

नियमानं एखादा तरी मासा चिरून आत बघायचं असतं. पण माझ्याकडे असे मोजून सात होते, आणि जगातल्या पहिल्या सात माशांवर सुरी चालवायला हात धजेना. नमुना अखंड हवा, असं मी माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. खरं म्हणजे तो गर्व होता. सर म्हणाले, "शेवटच्या शुक्रवारी चिखलीत परिषद आहे, तिथे जाहीर कर. तोवर कुणाला बोलू नकोस."

मी फक्त बाबांना बोलले. बाबांना गुपित सांगणं म्हणजे एसटी स्टँडच्या भोंग्यावर सांगणं. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात भाजीवाली झुंबरबाई मला म्हणाली, "बाई, तुया मासा कवा येनार हाय पेपरात?"

मग प्रेमानंदपासून तरी का लपवायचं? वरच्या डोहावर आम्ही गेलो तेव्हा पावसाची सर आली. पळसाखाली एकाच मेणकापडाचं एक टोक त्यानं धरलं, एक मी. मी मोबाइलवर फोटो दाखवला. काचेवर थेंब पडत होते आणि तो अंगठ्यानं पुसत होता.

"हा नवा आहे, प्रेमानंद! जगात कुठेच नोंद नाही. याच्या नावात धाड येणार!"

त्यानं फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे, त्याहून जास्त वेळ.

"मॅडम... हा तं नर आहे."

"म्हणजे?"

"काटेवाला नर. अन् ते गुळगुळीत नाकाची याचीच मादी. तुमी नवरा-बायकोचे दोन येगळे घरं करून राह्यल्या."

तो हसत होता. तो हसला नसता तर कदाचित... पण तो हसला, आणि मी चिडले की माझी शिकलेली भाषा गळून पडते.

"तुमाले काय समजते त्यातलं? सात वर्सं शिकली मी! तुमी मोटारी बांधा तुमच्या!"

मेणकापडावर पाऊस वाजत राहिला. त्याचं हसू हळूच विझलं. त्यानं आपल्या हातातलं टोक माझ्या हातात दिलं.

"बराबर आहे," तो म्हणाला आणि भिजत फटफटीकडे गेला.

मला त्यानं घरापर्यंत सोडलं. मध्ये बादली होती, रिकामी.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं आणि कात्री उचलली. पहिला काटेरी मासा उघडला... आत दुधाळ गोळी. नर. दुसरा, नर. सातही नर. गुळगुळीत नाकाच्या पाचही माशांच्या पोटात मोहरीसारखी अंडी. मी बारा मासे ओळीत मांडले आणि त्यांच्याकडे बघत ढसाढसा रडले. मासा गेला म्हणून रडले हे खरं. पण जास्त रडले ते त्या मेणकापडाच्या टोकासाठी.

सरांनी समजूत काढली. "चुका होतात, महामाया. तब्येतीचं कारण सांगून नाव काढून घेऊ. कुणी विचारणार नाही."

सोपं होतं. पण घरी बाबा परिषदेसाठी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते. मी सगळं सांगितलं. सगळ्या बाजारात त्यांची मान खाली जाणार होती, माझ्यामुळे. बाबांनी इस्त्री उभी केली.

"कंडक्टरच्या हातून चुकीचं तिकीट फाटलं तं त्यानं काय कराचं? खिशात लपवाचं? भर गाडीत म्हनाचं, चुकलं माहं, हे घ्या बराबरचं. पस्तीस वर्सं तेच केलं मी."

मग मी बाजारगल्लीत गेले. प्रेमानंद तांब्याची तार गुंडाळत होता.

"सातही मासे उघडले," मी म्हणाले. "सातही नर."

"माहीत होतं मले." त्यानं मान वर केली नाही.

"मी त्या दिवशी जे बोलले..."

"मोटारीच बांधतो मी. खोटं काय बोलल्या?"

बोलणं लागलं मला. लागायलाच हवं होतं. "शुक्रवारी चिखलीला या," मी म्हणाले.

"माह्यं तिथं काय काम?"

"तुमचं नाही. माझं आहे. आणि ते मला तुमच्यासमोर करायचंय."

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. बाबा पहिल्या रांगेत ताठ बसलेले. माझी पाळी आली तेव्हा मागचं दार उघडलं आणि शेवटच्या रांगेत एक धुतलेला निळा शर्ट येऊन बसला. मी टिपणांचा कागद घडी घालून ठेवला.

"कार्यक्रमपत्रिकेत छापलंय की मी नवी प्रजात जाहीर करणार आहे," मी म्हणाले. "ते चूक आहे. मी एकाच माशाच्या नराला आणि मादीला दोन प्रजाती समजले."

कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. मी थांबले नाही.

"हे मला पुस्तकातून कळलं नाही. धाडला प्रेमानंद म्हणून आहेत, मोटारी बांधतात. मी ओढ्यावर दीड महिना गेले. ते बारा वर्षं, बाराही महिने पाण्यातली जाळी काढतात आणि अडकलेला प्रत्येक मासा हातानं सोडतात. त्यांनी मला खरं सांगितलं आणि मी त्यांचा अपमान केला. चूक माझी आहे, माहिती त्यांची आहे."

कुजबुज थांबली. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापकबाईंनी चष्मा सारखा केला. "नराच्या नाकावरचे हे काटे वर्षभर असतात का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"नाई जी." आवाज मागून आला. प्रेमानंद उभा राहिला होता. आधी चाचरत, मग आपल्या दुकानात बोलावं तसा बोलू लागला. "आषाढात फुटतात. भादव्यापर्यंत हाताले टोचतात. दिवाळीच्या टायमाले जाळी काढली की नाक साफ असते. मंग पुढच्या आषाढात पुन्हा."

"हे किती वेळा पाहिलंत?"

"बारा दिवाळ्या पाह्यलं, जी."

बाई वहीत लिहीत होत्या. "या माशाबद्दल असं लिहिलेलं मी कुठेच वाचलं नाही. तुम्ही दोघांनी मिळून लिहा."

टाळ्या वाजल्या. कोणासाठी, मला कळलं नाही. मी फक्त त्या निळ्या शर्टाकडे बघत होते, आणि मला इतका अभिमान वाटत होता की नवा मासा सापडला तेव्हाही वाटला नव्हता.

संध्याकाळी चिखलीच्या स्टँडवर बाबा गाडीची चौकशी करायला गेले. प्रेमानंद आणि मी खांबाजवळ उभे राहिलो. भुरभुर सुरू होती.

"त्या दिवशी मी हसाले नोको होतं," तो म्हणाला.

"आणि मी बोलायला."

"खरं सांगू? फोटो पाहून आधी खोटंच बोलावं वाटलं. तुमचं तोंड इतकं खुललं होतं... म्हटलं, 'हाव, नवा आहे' म्हनून टाकावं. आपलं काय जाते?"

"मग का नाही म्हणालात?"

एक गाडी आली, गेली.

"जिच्यावर आपला जीव आहे तिले चूक हातात देऊन सगळ्यांसमोर उभी कराची काय? त्याच्यापेक्षा... ती आपल्यावर रागावली तं रागावली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि चिडल्यावरच नाही, असं गहिवरल्यावरही माझी शिकलेली भाषा गळून पडते, हे मला त्या दिवशी कळलं.

"मले महामाया म्हना."

"मॅडम म्हनाची सवय झाली."

"मोडा सवय. माह्याशी लगन कराचं असन तं मॅडम नाई चालनार."

"मी कुठं म्हटलं लगन..."

"मी म्हनून राह्यली."

त्याचे कान लाल झाले, बिनभिंगाचेही दिसत होते. "हाव," तो म्हणाला. "हाव, महामाया."

बाबा मागे येऊन उभे आहेत हे आम्हाला तेव्हा दिसलं. प्रेमानंद गडबडला. "जयभीम, काका."

"जयभीम." बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं, बिनतिकिटाच्या प्रवाशाकडे बघतात तसं. मी मान खाली घातली नाही.

"बाबा, मी यांच्याशी लग्न करणार आहे," मी म्हणाले. "आणि गावात आता काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवा. सगळे विचारतील."

बाबांनी सदऱ्याची घडी सारखी केली.

"विचारू दे ना! सांगतो – मासा जुनाच निघाला, पन जावई नवा भेटला."

तेवढ्यात धाडची गाडी लागली आणि गर्दी दाराकडे धावली. पस्तीस वर्षं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी भांडलेला माझा बाप चवड्यांवर उभा राहिला, आणि त्यानं खिडकीतून रुमाल टाकून आमच्या तिघांची जागा धरली.