तिथे कोणी राहत नाही

माझ्या नवऱ्याच्या छातीत पंप आहे. तो रक्त सलग वाहवतो, ठोके देत नाही, म्हणून मनगटाला नाडीच लागत नाही. छातीला कान लावला तर नुसती घूं... एका नवख्या नर्सने मनगट धरलं आणि "गेले हो!" म्हणून गळा काढला. हा डोळे उघडून म्हणतो, "कोण गेलं?"

पंप बसवणारे म्हातारे सर मागच्या वर्षी वारले. सगळं ठाऊक असून दर तपासणीला मनगट धरायचेच. नवरा म्हणायचा, "सर, तिथे कोणी राहत नाही." सर हसायचे. "जन्माची खोड आहे रे."

परवा सकाळी तपासणीला गेलो. सरांच्या हाताखाली शिकलेली डॉक्टरीण सांगत होती, "सरांच्या उमेदीच्या काळात हे यंत्र कपाटाएवढं होतं, माणूस त्याला जखडलेला. पुढे तर पेशंटच्याच पेशींपासून हृदय वाढवू."

"वाढव बाई," मी म्हटलं, "तोवर ह्याला एक्स-रेला कुठे न्यायचं ते सांग."

एक्स-रे तळघरात. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. पंप चालतो कमरेच्या पट्ट्यातल्या बॅटरीवर; बदलायच्या भरलेल्या बॅटरीची पिशवी सुनेच्या खांद्यावर, आणि सून जिन्याने. लिफ्ट मधेच गचकन थांबली. मिट्ट काळोख. तेवढ्यात ह्याच्या पट्ट्यातली बॅटरी किंचाळायला लागली. मी दार बडवलं, लिफ्टवाल्याच्या सात पिढ्या काढल्या.

किंचाळणं थांबलं. मग घूंही थांबली.

"अगं..." नवरा कुजबुजला, "माझा हात कोणी धरलाय?"

माझे दोन्ही हात दारावर होते. लवंगेचा वास आला. सर कायम लवंग चघळायचे.

"सर... तिथे कोणी राहत नाही..."

काळोखातून हळूच आलं, "आता राहील."

दार उघडलं तेव्हा नवरा शुद्धीवर होता. सुनेने बॅटरी जोडली, घूं सुरू झाली. डॉक्टरीण धावत आली, तिने त्याचं मनगट धरलं आणि पांढरीफटक पडली.

"नाडी लागतेय..."

मानेला नाही, उजव्या हाताला नाही. फक्त डाव्या मनगटाला. संथ, मधेच एक ठोका गाळणारी.

"सरांची शेवटी अशीच होती," ती म्हणाली. "मीच हात धरून बसले होते."

अजून लागते. झोपताना मी बोट ठेवून बघते. कधी ठोका गळतो आणि पुढचा लवकर येत नाही, माझाच जीव खालीवर होतो. तेव्हा नवरा झोपेतच हात पुढे करतो.

"बसा हो सर," म्हणतो, "घाई काय आहे?"