जाहीरनाम्याची शाई

ज्या वर्षी रायाजी जिनगराच्या थोरल्या लेकीचे ठरलेले लग्न ऐन हळदीला मोडले, त्याच वर्षीच्या चैत्रात ही गोष्ट घडली. सोनजाईगडाच्या बुरुजांवर उजाडत होते, पण नगारा वाजत नव्हता. कारण तीन वर्षांचे बाळराजे देवीच्या साथीत गेले, असा जाहीरनामा कारभारी मुकुंदरावांनी आदल्या दिवशी काढला होता, आणि आता गादीवर त्यांचा भाचा बसायचा होता.

तो जाहीरनामा रायाजीनेच छापला होता. गडाखालचा छापखाना त्याचा आणि येसोबा तांबटाचा सामाईक. यंत्र एक, अक्षरांचे खिळे एक, शाई फिरवायचा रूळ एक. शाई मात्र ज्याची त्याची. दोघेही जवसाचे तेल कढवून त्यात काजळी घोटत, पण रायाजी वर नीळ टाकी, त्यामुळे त्याचे काळे उन्हात निळसर दिसे. जाणाऱ्याने रूळ धुऊन जायचे, हा दोघांतला रिवाज. लेकीच्या काळजीत रायाजी त्या दिवशी रूळ तसाच टाकून घरी गेला होता.

सकाळी तो आला तर येसोबा दारातच उभा, चेहरा उतरलेला.

"रायबा, वेशीवर कागद लागलेत. बाळराजे जिवंत आहेत, सरदारांनी धावून यावे, म्हणून."

"कुणी छापले?"

"मी."

"भांग घेतली होतीस काय रे?"

"पोर माझ्या घरी आहे. माझी बायको त्याची दाई. विष घालणार होते त्याला, तिने धुण्याच्या पाटीत घालून वाड्याबाहेर काढला."

रायाजीची नजर रुळाकडे गेली. "हाच रूळ घेतलास?"

"मग दुसरा आहे कुठे? दिवा लावायची सोय नव्हती, चाचपडत छापले."

रायाजीने रूळ दारातल्या उन्हात धरला; त्याच्यावर निळसर झाक होती. तो काही बोलणार, तोच शिपायांनी दार अडवले, आणि मागून मुकुंदरावांची पालखी टेकली. त्यांनी दोन्ही कागद उन्हात शेजारी शेजारी धरले.

"शाई एकच. ही नीळ कुणाची?"

येसोबाचे ओठ हलले. येसोबा कबूल झाला तर त्याच्या घराची झडती होणार, हे रायाजीला लख्ख दिसत होते.

"माझी, सरकार," तो पुढे होऊन म्हणाला. "खोटे छापून हात विटाळला, म्हणून खरेही छापून टाकले."

"झकास बोलतोस. पोर कुठे आहे?"

"देवाघरी. सरकारांनीच जाहीर केलेय की."

मागे एक शिपाई फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. मुकुंदराव शांतपणे म्हणाले, "याचा उजवा हात यंत्रात घाला. तांबट, दांडा तू ओढायचास. भागीदार ना तू?"

येसोबा पुतळ्यासारखा उभा राहिला. मुकुंदरावांचे डोळे त्याच्यावर खिळले.

"ओढ ना लेका!" रायाजी ओरडला. "बायकोने जेवायला घातले नाही का?"

येसोबाने दांडा ओढला. हाडे मोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

"पोर कुठे आहे?"

रायाजीने नकारार्थी मान हलवली.

"पुन्हा," मुकुंदराव म्हणाले, आणि रायाजीची शुद्ध जाईपर्यंत तेवढा एकच शब्द बोलत राहिले.

पुढे वेशीवरचे ते कागद पागोट्यांत खोचून सरदार घाटाखालून चढून आले. मुकुंदराव चोरदिंडीत सापडले आणि तिथेच कापले गेले. बाळराजे गादीवर बसले. येसोबाला इनाम गाव मिळाला. त्याची सनद घेऊन तो रायाजीच्या दारी गेला, त्याने घडले ते सगळे सांगितले. रायाजीच्या बायकोने उभ्यानेच ऐकून घेतले.

"दांडा तुम्हीच ओढलात ना, भावोजी?" तिने विचारले, आणि दार लावून घेतले.

रायाजी जिनगर सरदार गडावर येण्याआधीच, चैत्र वद्य नवमीला, हात सडून गडाच्या अंधारकोठडीत मेला होता.