उठवणीची तारीख

शारदाबागेत जुलै लागला की दोन गोष्टींना ऊत यायचा, डासांना आणि पार्किंगच्या भांडणांना. यंदा त्यात निवडणुकीची भर पडली होती. कोपऱ्याकोपऱ्यावर फ्लेक्स लागले होते आणि प्रत्येक फ्लेक्सवर एकच वाक्य वेगवेगळ्या रंगात होतं: तुमची गाडी, तुमच्या दारात.

शारदाबाग प्रभागात घरं साडेपाच हजार आणि कुटुंबं अकरा हजार होती. म्हणजे एका घरात दोन कुटुंबं. तरीही कुणाचा कुणाला धक्का लागत नसे, कारण एक कुटुंब जागं असताना दुसरं झोपलेलं असे. तीस वर्षांपूर्वी घरं पुरेनाशी झाली तेव्हा सरकारने 'पाळीनिद्रा' आणली. अस्वल थंडीत जे करतं ते माणसांनी आलटूनपालटून करायचं, एवढीच ती कल्पना. एक इंजेक्शन देऊन शरीर दहा अंशांपर्यंत थंड करायचं. मग मिनिटाला सत्तर ठोके देणारं हृदय सहावर येतं. सहा महिन्यांच्या झोपेत शरीराचं वय जेमतेम वीस दिवसांनी वाढतं.

फेब्रुवारीत उठून जुलैअखेर झोपणारे ते माघी. ऑगस्टमध्ये उठून जानेवारीअखेर झोपणारे ते श्रावणी. आंबे, होळी आणि दहावीचा निकाल माघींच्या वाट्याला आला, तर गौरी-गणपती, दिवाळी आणि पेरू श्रावणींच्या. माघींनी आपली हौस माघातल्या गणपतीवर भागवली, तीही अशी की त्यांच्या स्पीकरपुढे भाद्रपदातला गणपती गरीब वाटावा. झोपलेले सगळे शाळेमागच्या नऊमजली निद्रागृहात ओळीने निजलेले असत.

साठी ओलांडलेल्या शरीराला मात्र ही झोप सोसत नाही. थंड झालेलं हृदय ऊब देऊनही पुन्हा वेग धरेल याची खात्री नसते. त्यामुळे म्हातारी माणसं वर्षभर जागी राहत. त्यांना सगळे 'बारमाही' म्हणत.

शास्त्रानं माणसं निजवली खरी, पण त्यांच्या गाड्या निजवायचं कुणाला सुचलं नाही. गल्लोगल्ली झोपलेल्यांच्या गाड्या कापडाची कव्हरं घालून सहा-सहा महिने उभ्या असत. या कव्हरांवरूनच कुंदा रेडकर निवडणुकीला उभ्या राहिल्या.

कुंदाताई कागदावर बावन्न वर्षांच्या, अंगाने चाळिशीच्या. त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं, लग्न केलेलं नव्हतं, आणि घरी वडील होते. नाना रेडकर बारमाही होऊन आठ वर्षं झाली होती. त्यांनी अर्ध्या शारदाबागेला गाडी शिकवली होती. कोण कसा क्लच सोडतो यावरून ते माणूस ओळखत, आणि तसं तोंडावर सांगतही. सहा महिने ते कुंदाताईंबरोबर राहत आणि उरलेले सहा महिने त्याच घरात, त्याच पलंगावर, श्रावणी असलेल्या बिडवे कुटुंबाबरोबर. उषावहिनी बिडवे त्यांचं सगळं पोटच्या पोरीच्या मायेनं करायच्या. दोघींची भेट फक्त 'सांध्या'ला व्हायची. सांधा म्हणजे एक पाळी उठते आणि दुसरी झोपायला जाते तो दिवस. तेवढ्या एका दिवसात दोघी मैत्रिणी झाल्या होत्या, नानांमुळे.

कुंदाताईंचा जाहीरनामा एका वाक्याचा होता. मैदानावर गाड्यांसाठी बहुमजली मनोरा अर्धा बांधून झाला होता आणि पंधरा ऑगस्टपर्यंत पुरा झाला असता. पण एक तारखेला श्रावणी उठले की तीन हजार कव्हरं निघणार, गाड्या रस्त्यावर येणार आणि क्रेन गल्लीत अडकणार. मग काम पुढच्या वर्षावर. त्यावर कुंदाताईंचं म्हणणं, यंदापुरती श्रावणींची उठवणी पंधरा दिवस पुढे ढकलू. उठवणीची तारीख ठरवायचा अधिकार कायद्यानं जाग्या पाळीच्या नगरसेवकालाच होता, कारण झोपलेल्याला विचारायचं कसं?

"झोपू द्या की बिचाऱ्यांना," कोपरा सभेत एक बाई म्हणाल्या. "कुठं आगगाडी पकडायचीय त्यांना?"

सगळे हसले. झोपलेल्या माणसाला उठवू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. त्यामुळे मागणी कुणाला कठोर वाटली नाही, उलट मायेचीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताई निद्रागृहाचे बारमाही प्रमुख डॉ. फिरोज तांबोळी यांच्याकडे गेल्या.

"डॉक्टर, पंधरा दिवस जास्त झोपल्यानं त्यांना काही अपाय?"

"काही नाही. शरीराला दोन दिवसही कळणार नाहीत."

"मग तुमचा चेहरा असा का?"

तांबोळींनी चष्मा काढून पुसला. "ताई, झोपलेला माणूस तक्रार करत नाही. ज्या कामाची तक्रार येत नाही ते आपल्याकडे किती लांबतं, हे तुम्हाला मी काय सांगू? बरं, हे पार्किंगपुरतंच आहे ना?"

कुंदाताई म्हणाल्या, "नाही. नानांसाठी आहे. गेल्या तीन वर्षांत त्यांचं विसरणं वाढलंय. तीन वर्षांपूर्वी मी झोपून उठले तेव्हा मला ओळखायला त्यांना एक दुपार लागली. गेल्या वर्षी दोन दिवस लागले. यंदा आठ दिवस मला 'अहो बाई' म्हणत होते. असं का होतं हो?"

"त्यांच्या वयात आठवण पायवाटेसारखी असते. रोज कुणी चाललं तर राहते, नाहीतर गवत वाढतं. तुम्ही सहा महिने चालत नाही."

"म्हणजे पंधरा दिवस मला जास्त मिळाले, तर गवत तेवढं कमी."

"तुमच्या वाटेवर कमी," तांबोळी म्हणाले. "उषावहिनींच्या वाटेवर जास्त."

हे कुंदाताईंना माहीत होतं. पण उषाला नवरा आहे, दोन मुलगे आहेत, आणि वडील माझे आहेत, असं त्यांनी मनाशी म्हटलं. म्हटलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. प्रचार मात्र त्यांनी थांबवला नाही.

छत्री या निशाणीवर त्या चौदाशे मतांनी निवडून आल्या. गुलाल धुऊन त्यांनी पहिली सही केली ती उठवणीच्या तारखेवर.

ऑगस्टचे ते पंधरा दिवस कुंदाताईंना आयुष्यभर पुरतील असे गेले. तीस वर्षांत त्यांनी श्रावण पाहिला नव्हता. उन्हातच पाऊस येतो हे त्या विसरूनच गेल्या होत्या. नागपंचमीला त्यांनी पुरणाचे दिंड केले. नानांनी चार खाल्ले आणि पाचव्याला हात घालताना म्हणाले, "कुंदे, तुझ्या आईला जमायचे नाहीत असे." इतकं साफ ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. ताट बाजूला सारून मग म्हणाले, "पण उषा का नाही आली अजून? ऑगस्ट लागला ना?"

"येईल, नाना. जरा झोपू दे तिला."

"आजारी नाही ना?"

"नाही हो."

सांध्याच्या दिवशी कुंदाताईंनी उषावहिनींना सगळं खरं सांगितलं, पार्किंगचं आणि नानांचंही. उषावहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "पंधरा दिवसांत मला विसरले नाहीत ना?" नानांनी त्यांना "ये गं" म्हटलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी कुंदाताईंना आग्रहानं भात वाढला आणि निद्रागृहाच्या दारापर्यंत सोडायला आल्या. कुंदाताई निर्धास्त झोपल्या.

जाग आली तेव्हा उशाशी तांबोळी होते. खिडकीतून ऊन येत होतं, आणि ते फेब्रुवारीचं नव्हतं.

"हळू उठा ताई. आज सोळा मार्च आहे."

कुंदाताईंना हिशेब लागेना. तांबोळींनी सावकाश समजावलं. डिसेंबरात श्रावणींची निवडणूक झाली. पंधरा दिवसांची भरपाई मिळालीच पाहिजे, असं प्रत्येक उमेदवार म्हणत होता. एकाने भरपाईवर आणखी महिन्याचा शब्द दिला आणि तो जिंकला. मनोरा झाला होता, गाड्याही त्यात गेल्या होत्या. आता रिकाम्या रस्त्यांची लोकांना सवय लागली होती.

"आणि उषा? ती काही बोलली नाही?"

"बोलल्या ना. सभेत उभ्या राहून बोलल्या. तुम्ही निवडणुकीत फार दमला होतात म्हणाल्या, जरा झोपू द्या म्हणाल्या. आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, नाना आता मला रोज ओळखतात, एवढ्यात नको."

कुंदाताईंना राग यायला हवा होता. पण राग धरायला जागाच नव्हती, कारण त्यातला शब्दन् शब्द त्यांचाच होता.

घरी उषावहिनींनी दार उघडलं आणि काही बोलायच्या आधी कुंदाताईंना मिठीच मारली. "किती वाळलात हो ताई," त्या म्हणाल्या.

बाल्कनीतून नानांचा आवाज आला. "कुंदे, कोण आलंय गं?"

कुंदाताई 'ओ' देणार तोच उषावहिनींनी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी रोज सांगते हो त्यांना," त्या कुजबुजल्या. "मी उषा, मी उषा. दोन महिने सांगतेय. शपथ घेऊन सांगते, मी शिकवलं नाही त्यांना."

नाना काठी टेकत आत आले. तब्येत छान होती, दाढी गुळगुळीत केलेली, सदऱ्याची बटणं नीट लावलेली. इतकी काळजी कुंदाताईंनीही कधी घेतली नव्हती. त्यांनी कुंदाताईंकडे निरखून पाहिलं. फ्लेक्सवर पाहिलेला चेहरा कुठेतरी डोक्यात राहिला असावा, कारण ते ओळखीचं हसले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"या ताई, बसा. मत मागायला आलात ना?"

आठ दिवस, फार तर पंधरा दिवस, कुंदाताईंनी मनाशी म्हटलं. पण ते म्हणताना या खेपेला त्यांना आकडा लावता येईना. नानांना त्यांची लेक हवी होती आणि ती त्यांना मिळालेली होती. ती हिरावून घ्यायची कुणाच्या भल्यासाठी?

त्या बसल्या. त्यांनी हात जोडले. "हो," त्या म्हणाल्या.

"आमच्या घरात दोन मतं आहेत. माझं आणि माझ्या मुलीचं. तुम्ही काय करणार ते सांगा, म्हणजे विचार करू." नाना खुषीत मागे रेलले. "पण आधी चहा घ्या. आमची कुंदा चहा दिल्याशिवाय कुणाला सोडत नाही. काय गं?"

उषावहिनी जागच्या हलेनात. शेवटी कुंदाताईंनीच त्यांच्याकडे पाहून मान हलवली, तेव्हा त्या आत चहा टाकायला गेल्या.