कापूर कुठून आला?

त्याने दार आपटलं आणि मी त्याच्यावर ओरडले. आमची पहिली ओळख ही अशी.

"धीरे! यहाँ क्रिस्टल लगे हैं!"

तो दारातच थबकला. उंच, खांद्यावर हत्यारांची बॅग, अंगात तपकिरी जॅकेट, केसांवर डिसेंबरच्या धुक्याचे बारीक थेंब. त्याने खोलीभर नजर फिरवली. "सॉरी मॅडम... पण कहाँ लगे हैं? दिख तो नहीं रहे."

"दिसले असते तर ओरडले असते का?" चिडले की ह्या हिंदी गावातही माझ्या तोंडून मराठीच निघते.

"अरे, मराठी!" तो एकदम हसला. "मग मराठीतच ओरडा ना. घरी सवय आहे मला."

त्याचं नाव समरजीत फाळके. रसायनशास्त्र विभागातलं प्रकाश मोजायचं जुनं मशीन बंद पडलं होतं, ते दुरुस्त करायला त्याच्या कंपनीने त्याला पाठवलं होतं. आणि ते मशीन नेमकं माझ्या खोलीत होतं. ही विभागातली सगळ्यात शांत खोली. दगडी फळीवर माझ्या अकरा छोट्या बाटल्या होत्या, तोंडाला पातळ पापुद्रा लावलेल्या, पापुद्र्याला सुईची भोकं. आतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि तळाशी स्फटिक जमतात... जमले तर! जरा धक्का लागला, कुणी दार आपटलं, की महिन्याची वाट पाहणं फुकट.

"काम किती दिवसांचं आहे?" मी विचारलं.

"दोन. फार तर तीन."

त्याने बूट काढून दाराबाहेर ठेवले, जॅकेट फळीशेजारच्या खुंटीला अडकवलं आणि मोज्यांच्या पायांनी मांजरासारखा आत आला. मला हसू येत होतं. मी ते दाबलं.

दोनाचे पाच दिवस झाले, पाचाचे दहा. मशीन उघडलेलंच. रोज सकाळी तो यायचा, बूट काढायचा, जॅकेट अडकवायचा. कधी तिळाची गजक आणायचा, कधी नुसतेच प्रश्न.

"चार साल से ह्या बाटल्या बघतेयस?" तोवर आम्ही 'तू'वर आलो होतो. "मतलब, आहे काय त्यांच्यात?"

"एक कडं आहे. माझा रेणू. मी बनवलाय, मधोमध पोकळ. एका केसाच्या जाडीत अशी लाखभर कडी शेजारीशेजारी बसतील."

तो स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटून उजेडात धरून बघत बसला. बराच वेळ. "ह्याच्यात... लाख?"

"त्या पोकळीत दुसरा रेणू येऊन बसावा, एवढंच मला हवंय. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. शेतातलं कीटकनाशक विहिरीच्या पाण्यात उतरतं ना, ते ह्या कड्याने पकडायचं. मग त्याची गाळणी करता येईल."

"पकडायचं म्हणजे चिकटवायचं?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे. बाकीच्या रसायनशास्त्रात अणू अणूला बांधलेला असतो. इथे कुणी कुणाला बांधत नाही. पाहुणा हवं तेव्हा जाऊ शकतो. फक्त आतली जागा त्याला इतकी नेमकी बसते, की तो..." मी अडखळले. तो माझ्याकडे बघत होता, केस अजून चिमटीत. "की तो जात नाही," मी कसंबसं पुरं केलं.

"कमाल है," तो हळूच म्हणाला.

कमाल होती खरी, पण माझ्या कड्यात चार वर्षांत कुणीच येऊन बसलं नव्हतं. माझे पीएच.डी.चे गाईड मधुसूदन सर स्वभावाने देवमाणूस, तरी नोव्हेंबरातच त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "अंतरा, जानेवारीअखेर समितीसमोर तुझं सादरीकरण आहे. कड्यात काहीतरी बसलेलं दाखव. नाहीतर विषय बंद होईल आणि नव्याने सुरुवात करावी लागेल." सत्ताविसाव्या वर्षी पहिल्या पायरीवर. ह्या विचाराने माझी झोप उडाली होती.

एकविसाव्या दिवशी समरजीतचं मशीन सुरू झालं. आणि त्याच दिवशी, त्याला निरोप द्यायचा म्हणून मी उगाचच फळीपाशी घुटमळत असताना, शेवटच्या बाटलीच्या तळाशी काहीतरी चमकलं.

मी त्याचा दंड धरला. "समर... हलू नकोस."

"मी हललोच नाहीये. तू हलतेयस," तो कुजबुजला.

तीन स्फटिक होते. खसखशीएवढे. आम्ही एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, खालून विशिष्ट प्रकाश सोडला आणि तो बिनरंगी कण पेटून उठला: जांभळा, सोनेरी, मोरपंखी. काच फिरवली की रंग बदलत होते. मी आधी बघितलं, मग तो वाकला. डोकं वर केलं तेव्हा त्याचे डोळे ओले होते. मला त्या क्षणी तो इतका आवडला, की मी घाईघाईने बाटल्या मोजायला लागले.

स्फटिकाच्या आत नक्की काय आहे हे क्ष-किरणांशिवाय कळत नाही. ते मशीन भोपाळला. मी स्वतः बाटली मांडीवर घेऊन गेले. आठ जानेवारीला निकाल आला. समरजीतला मी बोलावून घेतलं होतं. आनंद वाटून घ्यायला दुसरं कुणी सुचलंच नाही. लॅपटॉपवर चित्र उघडलं. माझं कडं, अगदी जसं मी चार वर्षं कागदावर काढत होते तसं. आणि आत पाहुणा बसलेला.

पण तो माझा पाहुणा नव्हता.

मी अणू मोजले. पुन्हा मोजले. कीटकनाशकाचा मागमूस नाही. हा गोलसर, आटोपशीर रेणू तर... "कापूर?" मी ओरडले. "माझ्या बाटलीत कापूर कुठून आला?"

समरजीतचा चेहरा पडला. त्याने गुपचूप जॅकेटच्या आतल्या खिशातून एक मलमलीची पोटली काढून टेबलावर ठेवली. "आत्या बांधून देते. कोरोनापासून. कापूर, ओवा, लवंग... सर्दीसाठी. मला काय माहीत—"

कापूर नुसता ठेवला तरी हवेत उडतो. एकवीस दिवस ते जॅकेट माझ्या शेवटच्या बाटलीपासून हातभर अंतरावर लटकत होतं. सुईच्या भोकातून कापूर आत शिरला होता.

"चार वर्षं!" माझा आवाज चिरकला. "सगळं घाण केलंस तू! ही प्रयोगशाळा आहे, तुमच्या आत्याचं कपाट नाही!"

"अंतरा, पण... तुला वास नाही आला?" त्याने साधेपणाने विचारलं.

"जा इथून," मी म्हणाले.

तो गेला. दार इतक्या हळू लावलं, की आवाजसुद्धा झाला नाही.

पुढचे दोन तास मी रडले. मग नाक पुसून, काही करायचं नव्हतं म्हणून, चित्र पुन्हा बघितलं. आणि बघता बघता माझ्या अंगावर काटा आला. बाटलीत कीटकनाशक मी चमच्याने टाकलं होतं. कापूर आला होता तो हवेतून, चिमटीलाही येणार नाही इतका. पोटलीत ओवा होता, लवंग होती. त्यांचेही वास त्याच वाटेने आले असणार. कड्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एवढ्या गर्दीतून त्याने एकालाच निवडलं होतं, आणि मला, त्याला बनवणारीला, हे ठाऊकसुद्धा नव्हतं. माझ्या हातून काय बनून गेलं होतं!

मी धावत स्टोअरमध्ये गेले, कापराची बाटली आणली, नवे प्रयोग लावले. दोन दिवसांनी तळाशी नुसता पांढरा चुरा. पुन्हा लावले. पुन्हा चुरा.

मधुसूदन सर चित्राकडे कितीतरी वेळ बघत होते. मग म्हणाले, "बाटलीतला कापूर कारखान्यातला आहे. त्यात डावे आणि उजवे रेणू निम्मेनिम्मे असतात, जसे आपले दोन हात, सारखे पण उलटे. झाडाचा कापूर सगळा उजवा. पोटलीतला तोच असावा. तुझ्या कड्याला मिसळलेला चालत नसेल." ते खुर्चीतून अर्धे उठले. "अंतरा, तुझं कडं डावं-उजवं ओळखत असेल तर काय होईल माहितीये? कितीतरी औषधांत एक हात गुण देतो आणि दुसरा निरुपयोगी असतो, कधी घातकही. ते वेगळे करायला लोक जन्म घालवतात. पुन्हा स्फटिक काढून दाखव. तोच कापूर मिळव."

तोच कापूर. म्हणजे तोच माणूस.

संक्रांतीच्या दुपारी तिळगुळाचा डबा घेऊन मी हजीरा मोहल्ल्यात त्याचं घर शोधत गेले. थंडीतल्या मावठ्याचा पाऊस भुरभुरत होता, ओढणी डोक्यावर घेतली तरी भिजले. दार शांताताईंनी उघडलं, त्याच्या आत्यांनी. मी नाव सांगताच त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तूच का ती क्रिस्टलवाली? आत ये. समर, अरे आली बघ!"

तो आतून आला. मला बघून थांबला. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. "मी... तिळगूळ आणलाय," म्हणाले.

"कापूर हवाय ना?" तो म्हणाला. चिडून नाही. थोडं हसून, थोडं दुखावून.

"हो. पण आधी सॉरी म्हणायचंय. जास्तच बोलले मी."

शांताताईंनी कपाटातून डबा काढला. बाड्यावरच्या बाजारातल्या एका वैद्यांकडून त्या झाडाचा कापूर आणत. दुकानातला त्यांना चालत नसे. मी लॅपटॉप उघडून त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावला. "हा आपला कापूर? एवढ्याशा घरात? कोणी बसवला?"

"कोणीच नाही. आपणहून बसला."

त्यांनी चष्मा पुसून चित्र पुन्हा बघितलं. नंतर अचानक म्हणाल्या, "एक विचारू? ते मशीन एवढं खराब होतं का गं? हा तर दुसऱ्याच दिवशी घरी येऊन म्हणाला, झालं, छोटीशी तार होती. मग रोज तिथे जाऊन करत काय होता? सुट्टी टाकून जायचा!"

"आत्या!" समरजीत कानापर्यंत लाल झाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने खिडकीकडे. कापराचा डबा छातीशी धरून मी चक्क पळाले, आणि फूलबाग चौक येईपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते.

ह्या वेळी कापूर आणि बाटल्या एका बंद काचपात्रात ठेवल्या. अकराव्या दिवशी सगळ्या बाटल्यांत स्फटिक होते. सगळ्या!

सादरीकरणाच्या दिवशी विभागाचा हॉल भरला होता. समितीत बाहेरून आलेले रघुनाथराव होते, सत्तरीचे, मोठे दबदब्याचे संशोधक. समरजीत शेवटच्या रांगेत बसला होता. मी बोलावलं होतं. आमच्या धंद्यात एक रिवाज आहे: वापरलेल्या प्रत्येक पदार्थाचा स्रोत लिहायचा, नाहीतर काम ग्राह्य नाही. मधुसूदन सरांनी आदल्या दिवशी सुचवलं होतं, "नुसतं 'झाडाचा कापूर' लिही. जॅकेटची कथा नको. निष्काळजीपणा म्हणून फेटाळतील." मी तसंच लिहिलं होतं.

चित्र पडद्यावर आलं. रघुनाथराव पुढे झुकले.

"अप्रतिम," ते म्हणाले. "पण विषय तर कीटकनाशकाचा होता. मग कापूर घेऊन बघावा हे तुला सुचलं कसं?"

सोपं उत्तर तयार होतं. 'असाच अंदाज' म्हटलं असतं की सुटले असते, आणि त्या एकवीस दिवसांतला माणूस माझ्या प्रबंधातून कायमचा पुसला गेला असता. मला ते जमेना.

"मला सुचलं नाही, सर. अपघात झाला. खोलीत मशीन दुरुस्त करायला आलेल्या इंजिनीअरच्या जॅकेटमध्ये कापूर होता. तो हवेतून बाटलीत गेला. कड्याने तो स्वतः निवडला."

मधुसूदन सरांनी डोळे मिटले. रघुनाथरावांनी चष्मा काढला. "किती दिवस होतं ते जॅकेट तिथे?"

"एकवीस."

"तू केमिस्ट आहेस. दोन खोल्यांपलीकडे ॲसिटोन सांडलं तर तुला कळतं. एकवीस दिवस कापराचा वास आला नाही?"

ही एक गोष्ट मी तुम्हालाही सांगितलेली नाही. स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती.

"आला होता सर," मी म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"मग खोलीबाहेर का नाही काढलंस?"

शेवटच्या रांगेत एक उंच मुलगा ताठ उठून बसला होता.

"आवडला होता, सर."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी खुसखुसलं आणि पाहता पाहता अख्खा हॉल हसायला लागला. रघुनाथरावही हसले, पुन्हा पडद्याकडे वळले आणि त्या इवल्याशा घराकडे कितीतरी वेळ बघत राहिले. "चाळीस वर्षं हे काम करतोय," ते हळूच म्हणाले, "अजून कळत नाही, कोण कुणाला कसं ओळखतं." मग त्यांनी समितीच्या अहवालावर सही केली. "विषय चालू राहू दे. आणि अपघात जसा झाला तसा लिही. दिवसांसकट."

बाहेर व्हरांड्यात समरजीत उभा होता. आजूबाजूला अर्धा विभाग नोटीस बोर्ड वाचायचं नाटक करत होता.

"सगळ्यांसमोर, यार?" तो म्हणाला.

"त्यांनी कारण विचारलं. तू कुठे विचारलंस?"

"आता विचारतो." तो दोन पावलं जवळ आला. "नुसता वासच की..."

"नाही," मी म्हणाले. "तू."

सूक्ष्मदर्शकातून डोकं वर करताना दिसला होता तसाच तो ओल्या डोळ्यांनी बघत राहिला, फक्त ह्या वेळी माझ्याकडे. मी त्याचा हात धरला. नोटीस बोर्ड वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी शिट्टी मारली, पण आम्ही दोघंही हललो नाही.