सामानापाशी कोण बसणार?

प्रवासाला निघण्यापूर्वी तो एकदा आपल्या छायेकडून करवून घ्यावा, ही पद्धत मिरजेत रुळून चार-पाच वर्षे लोटली होती. तरीही पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले अभियंते श्रीनिवास खांबेटे छायेचा एकही निष्कर्ष वाद घातल्यावाचून स्वीकारत नसत. स्टेशन रस्त्यावरील पर्यटन कार्यालयात त्यांचा त्या सकाळचा वाद आता तिसऱ्या चहापर्यंत येऊन ठेपला होता.

"तुमच्या यंत्राचं कुठंतरी चुकतंय," ते म्हणाले.

"काका, यंत्र कालचंच आहे. आराखडा तेवढा तुम्ही रोज नवा आणता," समोर बसलेली फरीदा मुजावर म्हणाली. सहलींची आखणी करणारी ही मुलगी अंगच्या शांतपणामुळेच या नोकरीत टिकली असावी.

शेजारच्या खुर्चीवर हेमांगीबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर दोन पिशव्या, एक छत्री आणि यजमानांच्या चष्म्याचे घर होते.

छाया म्हणजे भूतबाधेचा प्रकार नव्हे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. माणसाच्या संमतीने त्याची जुनी छायाचित्रे, खरेदी, घरातील बोलणे आणि पूर्वीच्या सहली यांच्या नोंदी यंत्राला दिल्या, की त्यांतून यंत्र त्या माणसाची एक गणिती प्रतिकृती घडवते. ही प्रतिकृती यंत्रातल्याच गावी जाते. तिथल्या गर्दीत, उन्हात आणि भाववाढीत शेकडो वेळा सुट्टी घालवून परतते. आणि पैसा कुठे वाया गेला, पाय कुठे दुखले, भांडण कोणत्या वळणावर झाले, हे सांगते. शेवटी ती एक समाधानांक देते. शंभरपैकी किती समाधान पदरी पडले, त्याचा तो आकडा.

खांबेट्यांचा बेत पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरील तावीरा या लहानशा गावाचा होता. युरोपातल्या समुद्रकाठी एकदा राहायचे, ही इच्छा हेमांगीबाईंची. तिला अंकांत बसवण्याचे काम त्यांचे. बाजूला पडलेली शिल्लक अशा एकाच प्रवासाला पुरणारी होती, म्हणून चुकायला जागा नव्हती. ऑगस्टऐवजी सप्टेंबरचा उत्तरार्ध धरल्याने राहण्याचा खर्च बराच उतरला. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, म्हणजे सकाळचा चहा आणि रात्रीचा वरणभात घरचाच. लिस्बनहून टॅक्सीऐवजी रेल्वे, आणि व्हिसासाठी लागणारा विमा पहिल्याच दिवशी हिशेबात धरलेला. कुकर न्यावा की नेऊ नये, यावर दोन दिवस खल होऊन कुकर जिंकला होता. असा आराखडा आपल्या हातून पूर्वी झाला नाही, अशी खांबेट्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि त्यांच्या छायेचा समाधानांक तिला दुजोरा देत होता. तो नव्वदीच्या घरात होता.

हेमांगीबाईंच्या छायेचा अंक मात्र चाळिशीपलीकडे जाईना.

"समुद्र दिसणारी खोली घेतली, तरी चाळीस," खांबेटे म्हणाले. "बाहेरचं जेवण वाढवलं, तरी चाळीस. किनाऱ्यावर छत्री-खुर्ची भाड्यानं घेतली, तरी एकेचाळीस. अगं, तुला नक्की हवंय तरी काय?"

"मी कुठं काय म्हणतेय?" हेमांगीबाई म्हणाल्या. "अंक माझ्या छायेचा आहे. तिला विचारा."

"विचारत नका बसू काका, बघूनच घ्या," फरीदा म्हणाली आणि तिने समोरची भिंत उजळवली.

भिंतीवर तावीरा उमटले. खाडीतून नाव निघाली आणि वाळूच्या लांबट बेटाला लागली. दोन्ही छाया उतरल्या. खांबेट्यांच्या छायेने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढल्या आणि ती लाटांकडे निघाली. हेमांगीबाईंची छाया वाळूत पिशव्यांशेजारी बसली आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी बसते सामानापाशी."

फरीदाने दुसरा दिवस लावला. तेच वाक्य. दुसरी सहल लावली, स्वस्तातली. मग तिसरी, महागडी. समुद्राचा रंग बदलला, छत्रीचा रंग बदलला. वाक्य बदलले नाही.

अडचण दिसली की तिचा निचरा करणे हा खांबेट्यांचा स्थायीभाव होता. "यात अवघड काय आहे? किनाऱ्यावर कुलपाची कपाटं भाड्यानं मिळतात का?"

"मिळतात."

"घाल आराखड्यात."

कपाट आले. सामान कुलपात गेले. हेमांगीबाईंची छाया मोकळ्या हातांनी पाण्याच्या कडेपर्यंत आली, तिथे वाकून तिने यजमानांच्या चपला उचलल्या आणि त्या हातात धरून ती उभी राहिली.

फरीदाला हसू आवरेना. हेमांगीबाईही हसल्या. खांबेटे हसले नाहीत.

"पण एवढ्यानं अंक चाळिसावर का अडावा?" ते म्हणाले. "तिला पोहता येत नाही. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"तुम्ही सांगितलंत," हेमांगीबाई शांतपणे म्हणाल्या. "मला कुणी विचारलं नाही."

"म्हणजे?"

"लग्नाआधी कृष्णा पोहून पलीकडच्या काठाला जायचे मी. माझ्या काकांनी शिकवलं होतं."

"आणि एवढ्या वर्षांत बोलली नाहीस?"

"गणपतीपुळ्याला गेलो, तर आपली ऋता लहान. तारकर्लीला तुमचे आईवडील बरोबर. गोव्याला तुमच्या खात्यातली मंडळी. दरवेळी एकच प्रश्न निघायचा, सामानापाशी कोण बसणार? आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, की मी बसायचे. तुमच्या यंत्रानं तेवढंच पाहिलंय."

खांबेट्यांनी या विधानात तर्काची एखादी फट शोधून पाहिली. ती सापडली नाही.

"फरीदा," ते म्हणाले, "माझ्या छायेला सांग, तू थांब म्हणावं. सामानापाशी तूच बस."

"तसं सांगता येत नाही, काका. तुम्ही जे कधीच बोलला नाहीत, ते ती कुठून बोलणार? तुम्ही स्वतः म्हणालात, तर नोंद होईल. तुमच्या दोघांच्या संमतीनं हे सगळं ऐकलं जातंय."

कार्यालयात आणखी दोन गिऱ्हाइके होती. खांबेटे उठले. त्यांनी हेमांगीबाईंच्या मांडीवरच्या दोन्ही पिशव्या उचलल्या, छत्री घेतली, चष्म्याचे घर खिशात टाकले, आणि सभेत ठराव मांडावा तशा स्पष्ट आवाजात ते म्हणाले, "हेमांगी, तू जाऊन ये. मी बसतो सामानापाशी."

फरीदाने सहल पुन्हा सुरू केली. या खेपेस वाळूत खांबेट्यांची छाया बसली, पिशव्यांना मिठी मारल्यासारखी. हेमांगीबाईंची छाया उभी राहिली. तिने एकदा मागे वळून पाहिले, मग पदर खोचून ती चालू लागली. पाणी घोट्यांना लागले, गुडघ्यांना लागले, कमरेला लागले. एक लाट आली आणि चित्र जागच्या जागी थिजले.

"बिघडलं?" खांबेट्यांनी विचारले.

"नाही. पुढं ती काय करेल, ते सांगायला काकू लग्नानंतर पाण्यात उतरल्याची एकही नोंद यंत्रापाशी नाही." फरीदाने पडद्याच्या कडेला पाहिले. समाधानांकाच्या चौकटीत आकडाच नव्हता. "असं मी पहिल्यांदाच पाहतेय. खर्चाचा आराखडा कुठला ठेवू, काका?"

"समुद्र दिसणारी खोली काढून टाक. मागच्या गल्लीतली घे. वाचतील त्या पैशांत मुक्काम दोन दिवसांनी वाढव."

हेमांगीबाई अजून भिंतीकडे पाहत होत्या. कमरेइतक्या पाण्यात थांबलेली ती बाई त्यांच्याकडे पाठ करून उभी होती, आणि तिच्यापुढे अख्खा अटलांटिक होता.

"किती लांब जाशील गं?" खांबेट्यांनी हळू आवाजात विचारले.

"ते मला तरी कुठं माहीत आहे?" त्या उठल्या आणि रिकामे हात झुलवत दाराशी जाऊन थांबल्या. "मी दिसेनाशी झाले, तरी सामान सोडून धावत येणार नाही ना तुम्ही?"